वाऱ्याला भिणारे चादरवाले

वाऱ्याला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आमच्या माळशिरसकडं ऊस उंच झाला आणि वारं सुटलं की माझे वडील जेवण अर्धं टाकून अंगणात येऊन उभे राहायचे. पण छताला टांगलेल्या पंख्याला भिणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच झाला असेल, आणि तो सोलापुरात, बरोबर माझ्या दुकानासमोर, चादरींच्या थप्प्यांमध्ये घाम पुसत बसायचा. माझं चष्म्यांचं दुकान, त्यांचं चादरी-टॉवेलचं. मधे बारा पावलांचा रस्ता. वीस वर्षं आम्ही एकमेकांची तोंडं बघत धंदा केला. मी त्यांना शेठ म्हणायचो, ते मला मालक म्हणायचे. घराणं पूर्व भागातलं, विणकरांचं. घरात तेलुगू, दुकानात मराठी, आणि उधारीवाला आला की दोन्ही बंद.

मे महिन्यात आमच्या गावात काय उकडतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. डांबर चपलेला चिकटतं. अशा दिवसांत शेठच्या दुकानातला पंखा बंद. एकदा जेऊरकडची मंडळी लग्नाच्या खरेदीला आली होती, नवरीमुलगी, तिची आई आणि दोन मावश्या. अर्ध्या तासात चौघींचे चेहरे टोमॅटोसारखे झाले. शेवटी आई म्हणाली, "अवो मालक, पंका लावा की. पोरगी भोवळ यीऊन पडंल हितं." शेठ शांतपणे म्हणाले, "लाईट नाही." त्यांच्या डोक्यावर दोन ट्यूब लखलखत होत्या. बाईंनी एकदा ट्यूबकडं पाहिलं, एकदा शेठकडं पाहिलं, आणि माणूस वेडा असला तरी माल चांगला आहे असा हिशेब करून पदरानं वारा घ्यायला लागल्या. त्या पदराचा वारा यायला लागला तसे शेठ गादीवर मागं मागं सरकत पार भिंतीला जाऊन टेकले.

कारण सांगायलाच हवं. शेठ विग घालत. विग म्हटलेलं त्यांना आवडत नसे, ते 'पॅच' म्हणत. अठ्ठाविसाव्या वर्षी केस जायला लागले, बत्तीसपर्यंत फक्त कानांच्या वरची झालर उरली. माझंही डोकं त्याच वयात मोकळं झालं, पण मी पहिल्या महिन्यातच टोपी, तेल, आशा हे सगळं सोडून दिलं. शेठचा जीव मात्र अडकला. पुण्याहून पॅच आणला आणि त्या दिवसापासून त्यांचा उजवा हात त्यांचा राहिला नाही. दर दोन मिनिटांनी तो वर जायचा, कपाळाच्या कडेवरून हळूच फिरायचा आणि सगळं जागच्या जागी आहे अशी खात्री करून खाली यायचा. बोलताना, जेवताना, गिऱ्हाइकाला चादर उलगडून दाखवताना. लग्नात ते कायम शेवटच्या रांगेत, कारण अक्षता केसांत अडकल्या की त्या काढायला कुणीतरी हौशी मामी हात पुढं करते. गड्ड्याच्या जत्रेत लेकीनं पाळण्यात बसायचा हट्ट धरला, तेव्हा सगळं गाव हसत-किंचाळत फिरत होतं आणि शेठ दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून 'गोविंदा गोविंदा' म्हणत होते. खाली उतरल्यावर लेक म्हणाली, "पप्पा लई भित्रे आहेत." तिला बिचारीला काय माहीत, पप्पा कशाला भीत होते ते!

मला हे सगळं ठाऊक झालं ते माझ्या आरशांमुळं. चष्मेवाल्याकडं आरसे भरपूर. रोज सकाळी शटर वर गेलं की शेठ 'फ्रेम बघतो' म्हणून यायचे. डोळे घारीसारखे, चष्म्याची गरज शून्य. समोरच्या आरशात पुढचं बघायचं, हातातला छोटा आरसा मागं धरून मागचं बघायचं. सहा महिने मी गंमत बघितली. मग एक दिवस म्हणालो, "शेठ, डावीकडं जरा वर सरकलाय." ते पांढरेफटक पडले. मग खुर्चीत बसले, पाणी मागितलं आणि त्या दिवसापासून माझ्यावर त्यांच्या डोक्याची जबाबदारी आली. आता खोटं कशाला बोलू, मलाही त्याची काळजी लागायला लागली. दुपारी वावटळ उठली की गल्लीतले बाकीचे लोक दारं लावायचे, मी आधी समोर बघायचो.

त्यांच्या काळज्या तरी किती तऱ्हेच्या! पॅच विकणाऱ्यानं फुशारकीनं सांगितलं होतं, "अस्सल केस आहेत, तिरुपतीचे." दुसरा कुणी खूश झाला असता. शेठनी पंधरा दिवस झोप गमावली. त्यांच्या घरचा देवच तो. "मालक, लोकांनी देवाला वाहिलेले केस मी डोक्यावर घालून फिरायलोय. चोरी झाली का नाही ही?" मी म्हणालो, "देवानं विकले, तुम्ही घेतले, चोरी कसली?" तेवढ्यापुरतं समाधान झालं. पण पुढं दर शनिवारी घरच्या बालाजीच्या फोटोपुढं उभं राहताना ते डोक्यावर टॉवेल घ्यायला लागले.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी केस लावून घ्यायचं ठरवलं. मागचे जिवंत केस एकेक करून काढायचे आणि वांग्याची रोपं लावावीत तसे पुढं रोवायचे. डॉक्टरनी आधीच सांगितलं की मागचा साठा सगळ्या डोक्याला पुरणार नाही. पुढचा भाग भरून देतो, टाळूवर मात्र तुमचा पॅचच लावा. घरी अम्माला, म्हणजे त्यांच्या आईला, 'सुताच्या प्रदर्शनाला चाललोय' सांगून शेठ पुण्याला गेले आणि चौथ्या दिवशी परत आले ते तोंड सुजून, डोळे बारीक, कपाळ भोपळ्यासारखं. गल्लीत सांगितलं, गांधीलमाश्या चावल्या. प्रदर्शनात गांधीलमाश्या कुठून आल्या हे कुणी विचारलं नाही, एवढी आमची गल्ली सभ्य आहे. पुढं तीन आठवड्यांनी सकाळी सकाळी शेठ माझ्याकडं आले, माझाच दिलेला चष्म्याचा डबा उघडून माझ्यापुढं धरला. आत पन्नास-साठ बारीक केस, कापसावर नीट मांडलेले. "गळाले, मालक. सगळं गेलं." आवाज असा की घरात कुणी गेलंय की काय! मीच पुण्याला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, लावलेले केस आधी गळतातच, मुळं आत राहतात, चार महिन्यांनी उगवतील. शेठनी फोन माझ्या हातातून घेऊन हेच चार वेळा विचारलं आणि चारही वेळा डबा छातीशी धरून ऐकलं.

आणि केस खरंच उगवले हो! पण उगवले ते निम्मे पांढरे. पॅच काळाकुळकुळीत, पुढचं पीक तीळ-तांदूळ. मग रंग लावणं आलं. विणकराच्या डोळ्याला शेड पटता पटत नाही. उन्हात जुळली की ट्यूबखाली वेगळी, ट्यूबखाली जुळली की उन्हात तांबूस. नव्या मुळांना गोंद लागू द्यायचा नाही म्हणून पॅच क्लिपांनी मागं बसवायचा, आणि पुढचे खरे केस आणि मागचे देवाचे केस जिथं भेटतात तो सांधा रोज मला दाखवायचा. "सांधा दिसायलाय का?" "नाही दिसत." "खरं सांगा. सांधा दिसला की माल सेकंडमध्ये, निम्म्या भावात जातो." मला वाटायचं, आता तरी या माणसाची भीती निम्मी होईल. ती दुप्पट झाली. आधी एकच गोष्ट उडायची भीती होती, आता पुढचे गळतील ही वेगळी आणि मागचा सरकेल ही वेगळी.

आता अम्माबद्दल. सत्तरी ओलांडलेली, काटकुळी बाई. जन्मभर मागाला लागणाऱ्या कांड्या भरल्या. डोळ्यांत मोतीबिंदू इतका पिकलेला की माणूस आवाजावरून ओळखायची. त्यामुळंच इतकी वर्षं एका घरात हे सगळं निभावलं. लहानपणापासून दर रविवारी अम्मा लेकाच्या डोक्याला तेल लावायची, टक्कल पडल्यावरसुद्धा सोडलं नाही. पॅच आला आणि ते बंद झालं. "वेळ नाही, अम्मा," "डोकं दुखतंय, अम्मा," असं करत शेठ तिच्या हाताखालून निसटायला लागले. सणाला पाया पडायचे तेही लांबून, आशीर्वादाचा हात डोक्यापर्यंत यायच्या आत उठून उभे.

मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र टाळता येईना. ते झालं, महिन्यानं डॉक्टरनी नंबर लिहून दिला आणि चिठ्ठी माझ्याकडं आली. चिठ्ठीच्या मागोमाग शेठ आले. इकडं तिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "मालक, नंबर जरा कमी लावता येतो का?"

मी उडालोच. "शेठ, आईच्या डोळ्यांशी खेळ?"

"तसं नव्हं हो. लांबचं चांगलं दिसू द्या की. देऊळ, रस्ता, सगळं दिसू द्या. जवळचं तेवढं..."

मी त्यांना अक्षरशः हाकललं. पण कबूल करतो, माझं मन काही स्वच्छ राहिलं नाही. चष्मा तयार होऊन ड्रॉवरमध्ये पडला आणि मी 'काचा यायच्यात' म्हणत आठ दिवस काढले. नवव्या दिवशी अम्मा स्वतःच आली, पायानं पायरी चाचपत. "झाला का रं बाबा चश्मा? नातीचं तोंड बघायचं राहिलंय." मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी ड्रॉवर उघडला आणि चष्मा तिच्या कानांवर अडकवला. तिनं माझ्याकडं पाहिलं, हसली, म्हणाली, "तू म्हातारा झालास की." मग वळली, रस्ता ओलांडला आणि लेकाच्या दुकानापुढं उभी राहिली. शेठ गादीवर थिजलेले. अम्मा बराच वेळ बघत राहिली. "केस आले रे तुला?"

शेठकडं शंभर उत्तरं होती. कितीतरी महिने ते माझ्यासमोर त्यांची तालीम करत होते. तोंडातून निघालं ते एकशे एकावं. "बालाजीनं दिले, अम्मा."

अम्मानं भर रस्त्यात हात जोडले. "मी बोलले होते त्याला. माझ्या पोराला केस येऊ दे, आले की ते तुलाच वाहीन म्हणून. चल, गाडीचं तिकीट काढ."

त्या दिवसापासून शेठचं अन्न तुटलं. तिरुपतीला जायचं म्हणजे गोटा करायचा. गोटा केला की पॅचच्या क्लिपा अडकवायच्या कशात? मागं जिथून केस काढले तिथले ठिपके दिसणार. पुढचे परत नाहीच आले तर? डॉक्टर म्हणाले वस्तरा मुळांपर्यंत जात नाही, पण डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला! नवस फेडायचं ते दिवाळीनंतर ठरलं, मग लगीनसराईनंतर, मग लेकीच्या परीक्षेनंतर. अम्मा प्रत्येक वेळी "बरं" म्हणायची, आणि ते "बरं" ऐकून मलाच कानकोंडं व्हायचं. एकदा शेठनी मला मध्यस्थ घातलं, की बायका देतात तशा कात्रीनं तीन बटा दिल्या तर चालतं का विचारा. अम्मानं माझ्यामागं उभ्या लेकालाच विचारलं, "देवासंगं बी घासाघीस करायलास व्हय रे, नायना, बाळा?"

मग अम्माला धाप लागायला लागली. जिना चढता येईना. हृदयाच्या डॉक्टरनी शेठला बाजूला घेऊन सांगितलं, कुठं न्यायचं असेल तर महिन्याभरात न्या, पुढचं मी सांगू शकत नाही. शेठ तिथून थेट माझ्याकडं आले आणि आरशांकडं पाठ करून बसले. असं ते पहिल्यांदाच बसले होते.

"मालक, नाही नेलं तर तिचा नवस राहतो. नेलं तर तिथं सगळं उघडं पडतं. मी देवाच्या नावावर खोटं बोललो. ह्या अवस्थेत तिला धक्का बसला आणि तिथंच काय झालं तर?"

जन्मभर याची चेष्टा केली, आणि आता मीच गाडीच्या वेळा आठवायला लागलो. शेवटी म्हणालो, "मी येतो बरोबर. चला."

गाडीत शेठ खिडकीपासून दूर, कानाला मफलर गुंडाळून. अम्मा खिडकीत. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी सगळ्यांना वाढून झाल्यावर ती म्हणाली, "हितं बस की रे माझ्यापाशी. वारं किती छान यायलंय." शेठ "नको" म्हणाले, आणि रात्रभर, म्हणजे मी जागा होतो तोवर तरी, तिचा श्वास मोजत बसले.

तिरुपतीला उतरल्यावर मला मात्र मजा वाटली. जिकडं बघावं तिकडं गोटे. बायका, पोरं, म्हातारे, सगळ्यांची डोकी चंदनानं पिवळी. आयुष्यात पहिल्यांदा मी बहुमतात होतो. केस उतरवायच्या हॉलमध्ये ओळीनं नावी बसलेले, पुढं ओळीनं माणसं डोकं वाकवून. आमचा नंबर आला. शेठ खाली बसले. अम्मा शेजारी, भिंतीला टेकून, मी दिलेल्या चष्म्यातून टक लावून बघत. नाव्यानं केस भिजवायला पाण्याचा हात पुढं केला आणि शेठनी तो मधेच धरला. माझ्याकडं वळून बघितलं. मी काय करणार? नुसती मान हलवली.

मग त्यांनी स्वतःच हात मागं नेला. एक क्लिप, दुसरी क्लिप, तिसरी, चौथी. पॅच काढून मांडीवर ठेवला. नावी बघतच राहिला. आजूबाजूच्या गोटेवाल्यांनी माना वळवल्या. मी मात्र अम्माच्या छातीकडं बघत होतो, वरखाली होतेय की नाही ते.

"अम्मा," शेठ म्हणाले, "हे बालाजीनं दिलेले नाहीत. पुढचे मी पुण्याला लावून घेतले. मागचे विकतचे. हितलेच, कुणीतरी वाहिलेले. मी खोटं बोललो."

अम्मानं तो पॅच उचलला, बोटांत धरून सूत तपासावं तसा चोळून पाहिला. "मग हितलं हितंच ठेव की," ती म्हणाली. नाव्याच्या शेजारी केसांचं मोठं भांडं होतं, त्यात तिनं तो टाकला. आणि नाव्याला तेलुगूत म्हणाली, "हां, कर सुरू."

वस्तरा फिरला. पुढचे रोवलेले केस, ज्यांच्यासाठी चष्म्याच्या डब्यात कापूस घातला होता, ते दोन मिनिटांत भांड्यात गेले. आंघोळ झाल्यावर बाहेर ओट्यावर अम्मानं चंदनाची वाटी घेतली आणि लेकाला पुढ्यात बसवलं. या वेळी ते निसटले नाहीत. ती सावकाश लावत होती, कपाळापासून टाळूपर्यंत, टाळूवरून मागं. मागं गेल्यावर तिची बोटं थांबली. तिथं ते बारीक ठिपके होते, शेकड्यांनी. तिनं त्यांवरून पुन्हा एकदा बोटं फिरवली. "हितनं काढले व्हय? लई दुकलं का रे?"

शेठनी मान हलवली, हो की नाही ते मलाही कळलं नाही.

"मी केसांचा नवस कशाला बोलले ठाऊक हाय का?" अम्मा म्हणाली. "आठ वर्षं झाली, डोक्याला हात लावू दिला नाहीस. म्हटलं केस आले की तरी लावू देशील."

शेठ रडले. बेचाळीस वर्षांचा माणूस, भर गर्दीत, आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून, चंदन तिच्या लुगड्याला लागतंय याची पर्वा न करता. मीही रडलो, लपवत नाही. माझ्या टकलावरही अम्मानं उरलेलं चंदन फासलं.

त्यानंतर अम्मा पाच महिने होती. दर रविवारी दुकान उघडायला उशीर व्हायचा, कारण शेठ तेल लावून घेत असायचे. त्या बोटांखालीच पुढचे खुंट परत फुटले. डॉक्टर खरं बोलले होते. दिवाळीच्या आधी ती गेली. दहाव्याला शेठना काही सांगावं लागलं नाही, ते आधीच जाऊन गोटा करायला पाटावर बसले होते.

आता शेठच्या दुकानात पंखा पाचवर फिरतो. थंडीतसुद्धा फिरतो, गिऱ्हाईक कुडकुडतं आणि आपणहून चादर पांघरून बघतं, त्यामुळं खपही बरा आहे. पुढचे केस पुन्हा आले, तीळ-तांदूळ, रंग नाही. टाळू मोकळी. सकाळी ते माझ्याकडं येतात, पण आरशाकडं बघत नाहीत, पेपर वाचतात. एवढंच की त्यांचा उजवा हात अजून वर जातो. मी समोरून बघतो. पूर्वी तो कपाळाच्या कडेवरून भराभर फिरून खाली यायचा. आता टाळूवरून मागं जातो, जिथं ते ठिपके आहेत तिथं, आणि तळवा टेकवून तिथंच थांबतो. मग कुणी गिऱ्हाईक पायरी चढून "चादर दाखवा की" म्हणतं, आणि शेठ हात खाली घेतात.